चिनी नवरीचं लाल

वन्सं, आधी माझा मूर्खपणा कबूल करते. म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल.

अकोल्याला त्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनाच्या टिनाच्या शेडमध्ये, बायकांसाठी बांधलेल्या कनातीआड बसून आपण चिनी बायस्कोप पाहत होतो. पडद्यावर पालखी आली. पालखीतून एक बाई उतरली. डोक्यापासून पायापर्यंत लाल. डोईवरून तोंडापर्यंत लाल वस्त्र ओढलेलं, मान खाली. बाकीचं सगळं चित्र काळं-पांढरं, लाल तेवढी तीच. आणि मी, मराठी चौथी पास, अमरावतीच्या वकिलाची बायको, दोन लेकरांची आई, शहाणपण नुसतं उतू चाललेलं. मी भर शेडमध्ये ओरडले, "अगं बाई! ही तर विधवा! बघा वन्सं, अगदी तुमच्यासारखी! आतून बोडकी असणार!"

मुका सिनेमा तो. माझ्या आवाजाला आडोसा कसलाच नव्हता. पेटीवाल्याचा हातसुद्धा थांबला. कनातीआडच्या साठ-सत्तर बायकांनी माना वळवल्या. त्या सगळ्यांत आलवण नेसलेल्या तुम्ही एकट्याच होतात. लाल लुगडं, त्याचाच पदर डोक्यावरून घट्ट. खरंच पडद्यावरच्या बाईसारख्या.

पडद्याशेजारी काठी घेऊन एक माणूस उभा असे. चित्रात काय चाललंय ते तो लोकांना सांगे. तो कनातीकडे तोंड करून म्हणाला, "जनान्यातल्या बाईनं चूप बसावं. थे विधवा नाही, नवरी हाये नवरी! चीन मुलखात नवरी लाल नेसते."

सगळी शेड हसली. तुम्हीही हसलात. पदराचा बोळा तोंडावर धरला होतात, खांदे हलत होते. मी खांदे पाहिले. तोंड पाहिलं नाही.

आज तुम्हांला जाऊन सोळा दिवस झाले. त्या हसण्याला सतरा वर्षं झाली. ते हसणं होतं की दुसरं काही, हे मी तुम्हांला विचारणार होते. नेहमीच विचारणार होते. त्या दिवसानंतर पंधरवड्याच्या आतच मी दुसरी एक गोष्ट केली, ती ह्याहून वाईट. तीही सांगते. तुम्हांला ठाऊक आहेच, पण मी ती तोंडाने कधी काढली नाही. मला फार मोठं काही हवं नव्हतं. तुमचा माझ्यावर राग होता का, आणि होता तर तो कधी गेला का, एवढंच.

मला रडू येत नाही, वन्सं. लोक भेटायला येतात, माझ्याकडे बघतात आणि आपापसांत म्हणतात, हिचं नणंदेशी पटत नसावं.

अकोल्याला तुम्हांला सासूबाईंनी माझ्याबरोबर पाठवलं ते डिंकाच्या लाडवांसाठी. माझी भावजय बाळंत झाली होती, माझ्या आईचा हात दुखत होता, आणि डिंक तळावा तर तुम्हीच. नाहीतर सोवळ्या बाईला कोण गाडीत बसवून नेतंय? बडनेऱ्याला गाडी बदलली. अख्ख्या प्रवासात तुम्ही पाण्याचा थेंब घेतला नाहीत, पण खिडकीशी मात्र मला बसू दिलं नाहीत. दोघी एकाच वयाच्या. मी तुम्हांला अहोजाहो करायचं, तुम्ही मला अगंतुगं. पण गाडीने बोरगाव सोडलं तसं तुमचं तोंड बारा वर्षांच्या मुलीचं झालं.

बारसं आटोपलं आणि माझा भाऊ म्हणाला, जिनात बायस्कोप आलाय, बायकांना दुपारचा खेळ आहे. माझी आई म्हणाली, "उन्हाचं कशाला?" एवढंच. तुमचं नाव घेऊन काही म्हणाली नाही, ते मनातच ठेवलं तिनं. मी म्हटलं, आम्ही रामाच्या देवळात जातो. रस्त्यात तुम्ही मला थांबवलंत.

"वहिनी, आधी देवळात जाऊ."

"अहो, खेळ सुरू होईल!"

"होऊ दे. पाया पडून मग जाऊ. म्हणजे खोटं बोललो असं होणार नाही."

रामापुढे तुम्ही जेवढा वेळ हात जोडून उभ्या राहिलात, तेवढा वेळ मी चपला घालून बाहेर नाचत होते.

वैशाख, अकोला, आणि वर टीन. भट्टीत ज्वारीची भाकरी ठेवावी तशा आपण शेकत होतो. जिन बंद होऊन दोन हंगाम झाले होते, तरी कापसाची पिंज भिंतींना चिकटलेली होती, पायाखाली सरकी होती. यंत्रातून उजेडाचा पट्टा निघाला की त्यात ती पिंज तरंगायची. सगळ्या बायका पडद्याकडे बघत होत्या. तुम्ही मागे वळून तो पट्टा बघत होतात.

आणि मग पालखी आली, आणि मी ओरडले.

तुमच्या पलीकडे मोर्णेकाठची एक माळीण बसली होती. मोगऱ्याचा वास येत होता तिच्या लुगड्याला. ती तुमच्यावरून वाकून मला म्हणाली, "माय वं! नणंद हाये न थे तुमची? मंग अशा कावून बोलून राहिल्या?"

मला कुठे तोंड लपवू झालं. तुम्ही तिला म्हणालात, "बोलू द्या हो. तिला रंग आजच दिसलाय."

माळीण हसायला लागली. मीही हसले. मला वाटलं, चला, सुटले.

पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलंत, मी नुसती बघत होते. वरातीवर घोडेस्वार आले. नवरा पडला. नवरीनं डोक्यावरचं वस्त्र भिरकावलं. खाली हे दाट काळे केस. नवऱ्याच्या कमरेची तलवार तिनं उपसली. तबलेवाला सुटला. ती अंगणातून उडाली ती थेट कौलांवर. माणसं खाली बोंबलतायत, ती वर. माळीण म्हणाली, "रंग कच्चा हाये वं ह्या बाईचा." तेव्हा तुम्ही माझं मनगट इतकं घट्ट धरलंत की बांगडी रुतली.

"वहिनी, बघ. ती उडी मारते अन् लाल मागं राहतं."

मी म्हटलं, "काय?"

"बघ तर."

मला काही दिसलं नाही. मी कोण मेलं ते मोजत होते.

म्हणून आपण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. आधी रामाच्या पाया पडून. त्या दिवशी मला दिसलं. बाई अंगणातून कौलांवर जायची आणि लाल डोळ्याची पापणी लवेपर्यंत अंगणातच उभं असायचं. मग धावत जाऊन तिला गाठायचं. कधी ते तिच्या खांद्याबाहेर सांडायचं, कधी बाही सोडून तलवारीला लागायचं. आणि त्या पापणीभर वेळात वर कौलांवर जी बाई असे ती इतरांसारखीच काळी-पांढरी असे.

मी शहाणपणानं म्हटलं, "पट्टी जुनी झालीय. विटलीय."

"जुनी नाही. तो रंग तिच्या वस्त्रात नाहीच मुळी. तो नंतर वरून लावलाय. एकेक चित्र घेऊन, कुंचल्यानं. ती पळाली की रंगवणाऱ्याचा हात मागं पडत असेल." मग म्हणालात, "बाईचाच हात असेल. एवढं बारीक काम आणखी कोण बसून करतं?"

घरी येताना तुम्ही आपल्याच पदराचं टोक उन्हात धरून पाहिलंत. म्हणालात, पूर्वी हे आल नावाच्या झाडाच्या मुळ्या कुटून रंगवत, म्हणून आलवण. वऱ्हाडात आलाचे मळे होते म्हणे. आता विलायती पुडीत बुडवतात. "पण जातच नाही गं. उकळत्या पाण्यात घातलं तरी जात नाही." मी म्हटलं, चांगलं आहे की, टिकतं. देवा! काय बाई होते मी! एखाद्या दुकानदारानं म्हणावं तसं म्हटलं मी ते.

त्या काठीवाल्यानं तीन दिवसांत तीन गोष्टी सांगितल्या. पहिल्या दिवशी ते घोडेस्वार दरोडेखोर होते, दुसऱ्या दिवशी बादशहाचे शिपाई, तिसऱ्या दिवशी नवऱ्याचे सख्खे भाऊ. चित्राच्या मधेमधे चिनी अक्षरांच्या पाट्या येत, त्याला त्या वाचता येत नव्हत्या. आपल्याला तरी कुठे येत होत्या? मग तुम्ही म्हणालात, ह्याचं ऐकायचं नाही, आपण रंगावरून लावू.

नवरा पडल्यावर एक मिरवणूक येते. सगळे पुरुष पांढऱ्या कपड्यांत. मी म्हटलं, हे लग्नाचे वऱ्हाडी. तुम्ही म्हणालात, "लग्नाला आलेला माणूस खाली मान घालून चालतो का? दिवे बघ, पांढरे. घोड्यावर घातलेलंही पांढरं. तिकडे पांढरं सुतकाचं असणार." आणि पुढच्या रिळात नवरी स्वतः पांढऱ्यात आली.

"म्हणजे विधवा झालीच शेवटी!" मी मांडीवर थाप मारली. "मग मी बरोबरच होते की!"

"होतीस. फक्त दोन रिळं आधी ओरडलीस."

त्या वेळी तुम्ही हसलात ते मी समोरून पाहिलं. ते खरं हसणं होतं. म्हणून तर पहिल्याची शंका येते.

रात्रीची चित्रं निळी होती. मला ती फार आवडली. तुम्ही त्यातही खोट काढलीत. "सावल्या बघ. पायाशी आहेत. भर दुपारी काढलंय आणि निळ्यात बुडवून रात्र म्हणतायत." आपल्या गावी तुम्हांला कुणी शाळेत घातलं असतं तर तुम्ही मास्तरीण झाला असतात, आणि मुलींना फार छळलं असतं.

एका गोष्टीवर मात्र तुम्ही काही बोलला नाहीत. त्या चित्रातल्या पुरुषांच्या कपाळाकडचं डोकं तासलेलं, मागे लांब वेणी. काठीवाला म्हणाला, "पाहा हे शेंडीवाले!" आणि सगळे खदखदले. मीही. तुम्ही नाही.

अमरावतीला परत आल्यावर, दिवेलागणीला हे वर्तमानपत्र वाचत बसले होते. तुम्ही उंबऱ्याच्या आत उभ्या राहून विचारलंत, दादा, चिनी लोक डोकं तसं का करतात? ह्यांना असं काही विचारलं की फार आवडे. चष्मा काढून सांगायला लागले. म्हणाले, परक्या जातीच्या राजांनी तो देश जिंकला आणि हुकूम काढला, पुढचं डोकं भादरायचं, मागे वेणी ठेवायची. न करील त्याचं डोकंच उडवायचं. अडीचशे वर्षं चाललं. मग ते राज्य गेलं, लोकांनी भर रस्त्यात वेण्या कापून टाकल्या, केस वाढवले.

"आता त्यांना कोणी विचारत नाही, काहून वाढवले म्हणून?"

"कोण विचारणार? हुकूमच उठला."

"हुकूम उठतो तर," तुम्ही म्हणालात.

ह्यांनी चष्मा लावला आणि पुढचं पान उलटलं. आपण काय बोललो हे त्यांना आजतागायत माहीत नाही.

आठव्या दिवशी माझ्या आईचं कार्ड आलं. खुशाली, लाडू फार छान झाले होते, आणि मुलींनी तीन दिवस बायस्कोप पाहिला, त्यांना करमलं. माझ्या भावानंच तिला सांगितलं असणार. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. ह्यांनी सगळं कार्ड मोठ्यानं वाचून दाखवलं. कोर्टात असंच वाचत असतील तर पक्षकारांचं काय होत असेल कोण जाणे!

सासूबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं.

"गोदे. तीन दिवस?"

"हो."

"सोवळी बाई तू. नाचऱ्या बाया पाहत बसली?"

"नाचत नव्हती ती, आई. लढत होती."

"जीभ चालून राहिली लय! अकोल्याचं पाणी लागलं."

तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतात. हात पिठाचे होते. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "आई, परवा न्हावी येईल त्याला परत पाठवा. मला आता डोकं करायचं नाही. आणि मला पांढरं लुगडं आणून द्या. पुण्या-मुंबईला बायका नेसायला लागल्यात. इथंही त्या हेडमास्तरांची बहीण नेसते."

ह्यांनी कार्ड खाली ठेवलं. आणि तुम्ही माझ्याकडे वळलात.

"वहिनी, तू सांग. तू होतीस तिथं. तू पाहिलंस. सांग आईला."

काय सांगायचं होतं मी? काही फार नव्हतं. हो म्हणायचं होतं. गोदाचं बरोबर आहे, एवढं म्हणायचं होतं. हे नाही म्हणाले नसते. माझा नवरा असा माणूस आहे की दोन जण एका बाजूला दिसले की तिसरा तिकडेच जाऊन उभा राहतो. सासूबाई चार दिवस जेवल्या नसत्या, मग जेवल्या असत्या.

जिच्या ओरडण्यानं अकोल्याचं अख्खं जिन दणाणलं होतं ती मी. माझ्या तोंडून आवाज फुटेना. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "अगं बाई, दूध उतू जातंय," आणि तुमच्या बाजूनं अंग चोरून आत गेले.

चुलीवर दूध नव्हतंच.

मी आत विझत्या चुलीपुढे उभी राहिले. मग बाहेर सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

ठरल्या दिवशी न्हावी आला. तुम्ही मागच्या अंगणात पाटावर जाऊन बसलात. कुणी धरून बसवावं लागलं नाही. मी त्या दिवशी सगळ्या घराचे उंबरे सारवले.

चार महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. कामापुरतंही नाही. मीठ हवं असलं तर माझ्या लेकीला सांगायचात. गणपती आले, गेले. मग एका दुपारी आपण दोघी गहू उन्हात वाळत घालत होतो, आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, "ती शेवटी पांढऱ्यातच होती."

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि मी इतकी खूश झाले की ताबडतोब भांडायला लागले.

तुमच्याशी इतकी वर्षं भांडले तो शेवट. वाडा पेटतो. तेवढी पट्टी सबंध लाल रंगात बुडवलेली होती. पायऱ्यांवर ती बाई तलवार घेऊन उभी, अंगावर सुतकाचं पांढरं. पण पडदाच लाल, तर पांढरं कुठून दिसणार? माझं म्हणणं, ती पुन्हा लाल झाली. सूड घेतला, नवऱ्याचं ऋण फेडलं, पुन्हा नवरी झाली. तुमचं म्हणणं, "घोडे लाल, भिंती लाल, आभाळ लाल. मेलेले लाल, जिते लाल. मग तिला एकटीला लाल कोण म्हणेल? रंग सगळ्यांना लावला की तो कुणाचाच राहत नाही. ती पांढऱ्यातच आहे."

पापड लाटताना हेच. मुलाच्या मुंजीत घाण्याची हळद दळताना हेच, तुम्ही आत, मी बाहेर, मधे दार. थोरलीच्या लग्नात तुम्ही मागच्या खोलीत बसून होतात, समोर यायचं नव्हतं तुम्हांला. मी शालू नेसून फराळाचं ताट घेऊन आले. तुम्ही माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "रंग पक्का आहे का गं? पळून पाहिलंस?" मी हसता हसता ताट सांडलं.

पुढे बोलपट आले. बोलायला लागले आणि रंग गेले. मी ह्यांच्याबरोबर चार-दोनदा जाऊन आले. तुम्ही पुन्हा कधी आला नाहीत. मी येऊन गोष्ट सांगायची. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घ्यायचात आणि विचारायचात, "रंग होता?" नाही म्हटलं की, "मग काय पाहिलंस!"

दुधाबद्दल तुम्ही कधी अवाक्षर काढलं नाहीत. पण चुलीवर दूध चढलं की ओसरीवरून तुमची हाक यायची, "वहिनी, दूध!" मी दचकून धावायची. कोणत्याही घरात कुणीही कुणाला हेच म्हणतं, हे मला कळतं. तरी त्या हाकेत काही असे का? मी तुमच्या आवाजाचा कानोसा घ्यायची. कधी वाटे, आहे. कधी वाटे, मेलं दूध आहे, दुसरं काय? सतरा वर्षं मी दूध कधी उतू जाऊ दिलं नाही. तेवढा एक माझा गुण झाला.

सासूबाई म्हाताऱ्या झाल्या, तेव्हा मी एकदा तुम्हांला म्हटलं होतं, वन्सं, आता आणू का पांढरं? आता कोण काय म्हणतंय? तुम्ही भाजी निवडत होतात. म्हणालात, "आता कशाला." आणखी एकदा म्हणायला हवं होतं का? तुमचं एकदाचं नाही म्हणजे नाही नसे कधी, हे मला माहीत होतं. लाडू नको म्हणून चार खायचात. पण मी एकदाच विचारलं, आणि मनात सुटका झाल्यासारखं झालं, हे आता लिहून टाकते.

तुमचा ताप पाच दिवसांचा. त्याबद्दल लिहीत नाही.

सकाळी पुरुषमंडळी बाजारातून कापड घेऊन आली. पांढरं. विधवेला पांढरंच घालतात, त्यात विचारायचं काय? कुणी भांडलं नाही, कुणी सूप खाली ठेवलं नाही. तुमचं आलवण काढलं आणि पांढरं घातलं. दोन मिनिटांचं काम. मी पायाशी उभी होते. मला काही वाटत नव्हतं. मी कापड बघत होते. मांजरपाट होतं, खळ भरपूर, धुतलं तर अर्धं होईल. एक कोपरा नीट बसत नव्हता, तो मी चिमटीनं सारखा करत होते. कुणीतरी म्हणालं, आता सोडा वहिनी. मग सोडला.

ते आलवण मागच्या दोरीवर तसंच होतं तीन दिवस. कोणाला द्यायचं ते कळेना. कडुलिंबाची पानं पडून राहिली त्यावर. शेवटी थोरली अंजनगावहून तिची पोर घेऊन आली, तिनं उतरवून ठेवलं. नात माझ्या मांडीवर बसून विचारत होती, गोदाआजी कुठंय? मी तिला म्हटलं, उडी मारली तिनं. तिला ते पटलं. चाळिशीत आजी झाले त्याचा एवढा तरी उपयोग, की असलं काही बोललं तरी चालतं.

शेवटी वन्सं, काल दुपारची गोष्ट. दिवस झाले, पाहुणे गेले. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. दिसत नाही त्यांना आता फारसं, पण हाताला काम लागतं. मी तुरीच्या शेंगा पुढ्यात टाकल्या, दोघी सोलत बसलो. त्याही रडलेल्या नाहीत. तुमच्या आई आहेत त्या, मी काय सांगू तुम्हांला?

मग माझ्या तोंडून आपोआप निघालं. मी म्हटलं, "आई, त्या दिवशी चुलीवर दूध नव्हतं."

त्यांनी कुठला दिवस म्हणून विचारलं नाही. शेंग सोलली, दाणे टोपल्यात टाकले.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "दूध मीच तापवून उतरवलं होतं सकाळी."

मी म्हटलं, "मी हो म्हटलं असतं तर वन्संनी पांढरं नेसलं असतं. त्यांचा राग गेलाच नाही माझ्यावरचा. मला विचारायचं होतं त्यांना. राहून गेलं."

सासूबाईंचे हात थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही त्यांनी, पाहून दिसणारही नव्हतं. मग सावकाश, एकेक शब्द म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते:

"तुझ्यावर काहून रागवेल ती? तुझ्याशी तर भांडायची रोज. माझ्याशी भांडली नाही एकदाही, सतरा वर्षं. तिचा सगळा राग माझ्यावर होता, पोरी. तू त्यातला मागू नको. माझ्याजवळ तिचं दुसरं काही नाही."